काठिण्याचे स्वत्व : स्वतंत्र क्रीडाकृतींतील सुगम्यतेचा विचार

१

व्हिडिओ गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते. मुलांच्या अभ्यासावर व प्रकृतीवर त्यांचा काय परिणाम होतो, हे एक अंग. आणि या व्यवसायात किती पैसा आहे, हे दुसरे. या खेळांपैकी काहींची रचना विचारपूर्वक केलेली असते, त्यांना आशय असतो, त्या आशयाचा आविष्कार खेळणाऱ्याच्या कृतीतून घडतो, आणि म्हणून समीक्षेच्या कसोट्या त्यांना लावून पाहणे अप्रस्तुत नाही, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात अशा खेळांसाठी ‘क्रीडाकृती’ ही संज्ञा योजिली आहे. आणि मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या भांडवलावाचून एकदोघांनी किंवा लहानशा गटाने घडविलेल्या कृतीस ‘स्वतंत्र क्रीडाकृती’ म्हटले आहे.

अशा कृतींच्या संदर्भात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न सातत्याने पुढे येत आहे. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची बोटे त्वरेने वळत नाहीत, ज्यांना रंगांतील भेद कळत नाही, अशा खेळाडूंसाठी कृतीत काही सोयी जोडाव्यात काय, आणि जोडल्या तर कृतीचे मूळ रूप कायम राहते काय? या सोयींना ‘सुगम्यता’ हा शब्द आता रूढ झाला आहे. केंद्र शासनाने २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू केले. पुढील वर्षी संमत झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि दृक्‌श्राव्य व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सर्वांना उपलब्ध व्हावा, हे तत्त्व कायद्यात आणले. कायद्याचे व करुणेचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु केवळ तेवढ्याच भूमिकेवरून पाहिले, तर सुगम्यता ही कृतीच्या बाहेरची, इमारतीला मागाहून बांधलेल्या उतरणीसारखी गोष्ट ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य याहून वेगळे आहे. कृती सुगम करणे म्हणजे त्या कृतीतील कोणते काठिण्य सारभूत व कोणते आगंतुक याचा निर्णय करणे होय. आणि हा निर्णय मूलतः समीक्षेचा आहे.

२

या विधानाचे स्पष्टीकरण पडद्यावरील खेळाआधी एका जुन्या खेळाच्या आधारे करणे सोयीचे होईल. चारुदत्त जाधव यांनी १९९७ साली स्थापिलेल्या अंधांच्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघामुळे दृष्टिहीनांचे बुद्धिबळ महाराष्ट्राला अपरिचित राहिलेले नाही. ‘टॉक ६४’ ही बोलणारी बुद्धिबळप्रणालीही त्यांच्याच खटपटीतून साकारली. पटावर काय घडले ते ही प्रणाली उच्चारून सांगते, आणि त्यामुळे संगणकावरील बुद्धिबळ न पाहता खेळता येते. आपल्या भाषिक परिसरात घडलेले क्रीडासुगम्यतेचे हे ठळक उदाहरण होय.

या खेळाच्या नियमांकडे बारकाईने पाहावे. दृष्टिहीन खेळाडूच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते, सोंगट्यांच्या तळाशी खुंटी असते आणि काळ्या सोंगट्यांवर ओळखीची खूण असते. डोळस प्रतिस्पर्धी आपल्या वेगळ्या पटावर खेळतो आणि दोघेही आपापली चाल मोठ्याने सांगतात. इथवर ही केवळ साधनांची योजना आहे. खरा प्रश्न उभा राहतो तो स्पर्शाच्या नियमापाशी. ज्या सोंगटीला हात लावला ती चालविलीच पाहिजे, असा बुद्धिबळाचा कडक दंडक आहे. परंतु जो बोटांनीच पट वाचतो, त्याने सोंगटीला हात लावावयाचा नाही तर खेळावे कसे? आंतरराष्ट्रीय नियमांनी याचे उत्तर असे दिले आहे की, दृष्टिहीन खेळाडूच्या पटावर सोंगटी भोकातून उपसली म्हणजेच तिला ‘स्पर्श’ झाला असे समजावे.

या एका वाक्यात नियमकर्त्यांनी मोठे समीक्षाकार्य केले आहे. स्पर्शाचा नियम त्वचेच्या संपर्काविषयी नाही, तो निश्चयाविषयी आहे, हे त्यांनी ओळखले. डोळस माणसाच्या बाबतीत हात लावणे हे निश्चयाचे बाह्य चिन्ह असते, आणि चिन्ह व चिन्हित यांचा तेथे इतका मेळ बसलेला असतो की दोहोंतील भेद आपल्या लक्षातही येत नाही. दृष्टिहीन खेळाडू पटासमोर बसला तेव्हाच हा भेद उघड झाला. नियम सैल झाला नाही, उलट त्याचा अर्थ अधिक नेमका झाला. बुद्धिबळाचे काठिण्य ६४ घरे पाहण्यात नसून त्यांचा विचार करण्यात आहे, हे सत्य या सुगम्यतेने सिद्ध केले.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया नवी वाटू नये. शके १२१२ मध्ये ‘भावार्थदीपिका’ सिद्ध झाली, तेव्हा संस्कृताचे अगम्यत्व हे गीतेच्या सत्त्वाचा भाग नाही, असा निर्णय तिच्या कर्त्याने आपल्या कृतीने दिलाच होता. टीकाकाराला मूळ ग्रंथाचे काय राखावे आणि काय ओलांडावे हे ठरवावेच लागते, आणि त्या निवडीतच त्याची ग्रंथाविषयीची समज प्रकट होते.

३

बुद्धिबळात काळाला महत्त्व असले तरी हाताच्या चपळाईला ते नाही. ज्या कृतीत चपळाई हाच आशयाचा वाहक आहे, तेथे वरील निकष टिकेल काय? ही शंका रास्त आहे, आणि तिच्या निरसनासाठी ‘सेलेस्ट’ या क्रीडाकृतीचा विचार करणे इष्ट आहे. मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी एका लहान गटासह घडविलेली ही कृती जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅडलिन नावाची एक तरुणी सेलेस्ट नावाचा पर्वत चढू पाहते. भय आणि विषाद यांनी तिला ग्रासले आहे, आणि तिच्याच मनाचा एक अंश प्रतिमारूपाने तिच्या वाटेत उभा राहतो. खेळाडूला उडी मारणे, कड्याला धरून चढणे आणि हवेत एकदा झेप घेणे एवढ्याच क्रिया उपलब्ध आहेत. त्यांच्या साहाय्याने काट्यांनी भरलेली एकेक जागा ओलांडावयाची असते. पुनःपुन्हा मरण येते आणि पुनःपुन्हा त्याच जागेपासून आरंभ होतो. कथेतील चिकाटी व हाताची चिकाटी येथे एकरूप झालेली आहे.

अशा कृतीत कर्त्यांनी ‘असिस्ट मोड’ या नावाची साहाय्ययोजना ठेवली. तीत खेळाचा वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत उतरविता येतो, कड्याला धरून राहण्याची शक्ती अमर्याद करता येते, हवेतील झेपांची संख्या वाढविता येते, मरण रद्द करता येते आणि एखादे प्रकरण सोडूनही देता येते. या योजनेच्या प्रास्ताविक मजकुराचा इतिहास पाठभेदांच्या अभ्यासकाला रस वाटावा असा आहे. आरंभीच्या पाठात काठिण्य हे या अनुभवाचे आवश्यक अंग असल्याचे सांगून, पहिल्या वेळी तरी साहाय्य न घेता खेळावे अशी शिफारस केलेली होती. पुढे हा पाठ बदलण्यात आला. नव्या पाठात ती शिफारस नाही. ज्याला मूळ रूप अगम्य ठरेल त्यालाही या योजनेद्वारे आव्हानाचा तोच अनुभव मिळावा, एवढीच अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. पहिल्या पाठात काठिण्य कृतीच्या ठायी आहे असे मानले होते. दुसऱ्यात ते कृती व खेळाडू यांच्या संबंधात आहे असे मानले आहे. हा बदल शब्दांचा नसून सिद्धान्ताचा आहे.

मर्ढेकरांनी कलाकृतीचे स्वत्व तिच्या घटकांमधील लयबद्ध संबंधांत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली, हे येथे स्मरणीय आहे. वेग उतरविला असता ‘सेलेस्ट’मध्ये काय घडते? सरकता काटा, कोसळणारी फळी, मॅडलिनची उडी ही सर्व सारख्याच प्रमाणात मंद होतात. घटकांचे परस्परसंबंध अबाधित राहतात. बदलतो तो केवळ कृतीचा खेळणाऱ्या हाताशी असलेला संबंध. विलंबित गायिलेली बंदिश जशी आपली ओळख गमावीत नाही, तसेच हे आहे. ज्याच्या बोटांना प्रत्येक हालचालीस दुप्पट काळ लागतो, त्याच्यासाठी निम्मा वेग हाच मूळ वेग होय. त्याचा संघर्ष कमी झालेला नाही. तो प्रथमच संघर्ष या पदवीला पोहोचला आहे. यापूर्वी तेथे केवळ अशक्यता होती.

मरण रद्द करण्याविषयी मात्र हेच म्हणता येणार नाही. तेथे काटा काटा राहत नाही, आणि मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर विरोधलयच नाहीशी होते. समीक्षकाने हा भेद लपवू नये. सर्व साहाय्ये समान मोलाची आहेत असे म्हणणे हे सर्वच साहाय्ये त्याज्य आहेत असे म्हणण्याइतकेच ढोबळ आहे. परंतु एवढ्यावरून ती सोय काढून टाकावी असेही ठरत नाही. कादंबरीचा वाचक एखादे प्रकरण गाळतो, तेव्हा कादंबरी अपूर्ण होत नाही. त्याचे वाचन अपूर्ण होते, आणि ते त्याच्या अधिकारातले आहे. ‘सेलेस्ट’ने हा अधिकार खेळाडूकडे सोपविला आणि प्रत्येक साहाय्य वेगळे ठेवले, यात तिच्या कर्त्यांचा विवेक दिसतो. सुलभ, मध्यम व कठीण अशा तीन कप्प्यांत माणसे कोंबण्याऐवजी ज्याला जे उणे आहे तेवढेच मागता यावे, ही योजना अधिक सूक्ष्म आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मूळ, तथाकथित विशुद्ध खेळातही कर्त्यांनी सर्वच खेळाडूंना गुप्त सवलती दिलेल्या आहेत. कड्याची कड सुटल्यावरही निमिषभर उडी मारता येते. पाय टेकण्यापूर्वी किंचित आधी दाबलेली कळ वाया जात नाही. डोके एखाद्या कोपऱ्यावर जरासे आपटले तर मॅडलिन अलगद बाजूला सरकविली जाते. या सवलती थॉर्सन यांनी स्वतः प्रकटपणे सांगितल्या आहेत. सामान्य माणसाच्या डोळ्याचा व हाताचा मेळ काही क्षणांश मागेपुढे होतो, हे जाणून त्या दिलेल्या आहेत. म्हणजे सक्षम समजल्या जाणाऱ्या खेळाडूची अक्षमता कृतीने आधीच पोटात घातली आहे. तिला साहाय्य असे नाव मात्र दिलेले नाही. असे असता, कोणाला आणखी चार क्षणांश हवे असतील तर कृतीचे पावित्र्य बिघडते, हा आक्षेप कोणत्या तत्त्वावर उभा राहणार?

४

आता आपल्या प्रदेशातील कृतीकडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने घडविलेली ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ ही क्रीडाकृती २०२० साली प्रसिद्ध झाली. असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही डोंबारी खेळ करणारी मुलगी तिची नायिका आहे. राजस्थानी वास्तुशिल्पाची छाया असलेले महाल, भिंतींवरची पौराणिक चित्रे, छायाबाहुल्यांच्या रूपाने येणारे कथाप्रसंग यांमुळे ही कृती जगभर वाखाणली गेली, आणि ते यथार्थच आहे. सुगम्यतेच्या दृष्टीने मात्र तिच्यातील एक घटक विशेष विचारार्ह आहे. दुर्गा आणि विष्णू हे दोघे राजीची वाटचाल वरून पाहत आपसांत बोलत असतात, आणि त्यांच्या संवादातून कथा उलगडते. भिंतीवरील चित्रांपाशी राजी थांबली की त्या चित्रांमागील आख्यानेही ऐकू येतात.

हे आपल्या परंपरेतील सूत्रधाराचेच रूपांतर आहे. सूत्रधार, कीर्तनकार, शाहीर यांच्याकडे जे समोर नाही ते शब्दांनी उभे करण्याची शक्ती असते. ‘राजी’च्या कर्त्यांच्या हाती ही शक्ती आयती आलेली होती. परंतु तिचा उपयोग त्यांनी मुख्यत्वे भूतकाळासाठी आणि भाष्यासाठी केला. राजी कोठे उभी आहे, पुढचा खांब किती अंतरावर आहे, असुर कोणत्या बाजूने येत आहे, ही निर्णायक माहिती प्रामुख्याने डोळ्यांच्याच स्वाधीन राहिली. तीही अशा दूरच्या, खेळाडूला फिरविता न येणाऱ्या दृष्टिकोणातून की, प्रासादाच्या विस्तारात राजी लहानशी दिसावी. या योजनेमागे सौंदर्यदृष्टी आहे. देवतांच्या नजरेने पाहिलेली मानवी आकृती लहानच असणार. पण ज्यांच्या नजरेने आपण पाहतो, त्या दोघांना वाणी असूनही ती ऐन प्रसंगी वापरली जात नाही. सर्वसाक्षी निवेदकांनी ‘डावीकडे पाहा’ एवढेही न म्हणणे ही केवळ सोयीची उणीव नाही; ती निवेदनपद्धतीतील विसंगती आहे. येथे जोडलेली सुगम्यता कृतीला उपरी ठरली नसती, तिच्या आविष्काराला पूर्णत्व देणारी ठरली असती. केवळ ध्वनीच्या आधाराने संपूर्ण क्रीडाकृती उभी राहू शकते, हे जपानमधील ‘रिअल साउंड’ने १९९७ साली आणि फ्रान्समधील ‘अ ब्लाइंड लेजंड’ने २०१५ साली दाखवून दिलेलेच आहे.

५

इथवर आपण अपंगत्वाचा विचार व्यक्तीच्या ठायी असलेली उणीव म्हणून केला. हा विचार अपुरा आहे, हे कळण्यासाठी क्रीडाकृती कोणत्या परिस्थितीत खेळली जाते हे पाहावे लागते. आणि त्यासाठी भिवंडीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. प्रत्येक क्रीडाकृतीच्या मनात एक गृहीत खेळाडू असतो. तो शांत खोलीत बसलेला असतो, त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, त्याला इंग्रजी वाचता येते, आणि त्याला भरपूर फुरसत असते. यंत्रमागांच्या या शहरात असा खेळाडू अपवादानेच सापडेल. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि मागशाळेतील ९० डेसिबलांपलीकडे जाणारा खडखडाट, ही येथील कामाची रीत आहे. त्या आवाजात वर्षानुवर्षे काढलेल्या कामगाराचे कान हळूहळू अधू होतात. आणि ज्याचे कान शाबूत आहेत, त्यालाही मागाशेजारी उभे असताना मोबाइलचा ध्वनी ऐकू येणे शक्य नसते. वैद्यकीय दृष्ट्या या दोघांत भेद आहे. ध्वनीवर विसंबणाऱ्या क्रीडाकृतीच्या दृष्टीने मात्र तो नाही.

मागशाळेने स्वतःपुरते या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधले आहे. आडवा धागा तुटला की मागाला जोडलेला लहानसा काटा माग थांबवितो. एकाच वेळी अनेक माग सांभाळणाऱ्या विणकराला ही वार्ता ऐकावी लागत नाही. चालत्या मागांच्या रांगेत एकाचे थांबणे त्याला दिसते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या मागशाळांत ओठांच्या ठळक हालचालींनी बोलण्याची ‘मी-मॉ’ नावाची रीतच रूढ झालेली होती. एका ज्ञानेंद्रियाची वाट बंद झाली तर माहिती दुसऱ्या वाटेने पोहोचविणे, हे सुगम्यतेचे पहिले सूत्र आहे, आणि यंत्रमागाच्या रचनेत ते पूर्वीपासून आहे. क्रीडाकृतीत त्याचा अर्थ एवढाच की, पाठीमागून येणाऱ्या पावलांचा आवाज हा जर खेळाचा निर्णायक संकेत असेल, तर तो पडद्यावर दिशेसह अक्षरांनी किंवा खुणेने दिसला पाहिजे. केवळ पात्रांचे संवाद लिहून दाखविणे पुरेसे नाही. अर्थवाही ध्वनीही लिहिले पाहिजेत.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषा शेजारीशेजारी नांदतात. इंग्रजी सूचना न कळल्यामुळे खेळाबाहेर राहिलेला माणूस अपंग नव्हे, तरी त्याच्यापुढची भिंत त्याच जातीची आहे. यात एक तांत्रिक अडचणही आहे. क्रीडाकृती घडविण्याच्या काही प्रचलित साधनांत देवनागरीची जुळणी नीट होत नाही. ऱ्हस्व इकार भलत्याच जागी पडतो, जोडाक्षरे फुटतात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते व तिची अक्षरे परस्परांत गुंफली जातात, ही आणखी एक कसोटी. शिवाय पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींना क्रीडाकृतीतील अक्षरे बहुधा सापडतच नाहीत, कारण ती अक्षरे म्हणून नव्हे तर चित्राचे ठिपके म्हणून रेखाटलेली असतात. जो निर्माता मजकूर चित्रापासून वेगळा ठेवतो, त्याला भाषांतर, अक्षरांचा आकार वाढविणे आणि मजकूर उच्चारून दाखविणे या तिन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून साधता येतात.

६

यावर शेवटचा आक्षेप खर्चाचा. दोन-तीन माणसांच्या गटाने हे सारे कोठून करावे? आक्षेप खोटा नाही. पण त्यातील बरेचसे बळ कामाच्या क्रमातून आलेले आहे. कळ दाबण्याचा अर्थ आरंभापासून ‘उडी’ किंवा ‘झेप’ असा नावाने नोंदविला, तर कोणती कळ कशासाठी हे खेळाडूला बदलू देणे ही किरकोळ गोष्ट राहते. तीच कळ शंभर ठिकाणी थेट लिहून ठेवली, तर शेवटी शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. सर्व हालचाली एकाच कालमानाला बांधल्या असतील, तर वेग उतरविणे हा एका अंकाचा बदल असतो. शत्रू व मित्र यांचा भेद लाल-हिरव्या रंगाबरोबर आकारानेही दाखवावयाचा, हे चित्रकाराने पहिल्याच दिवशी ठरविले तर त्याला वेगळा खर्च पडत नाही. सुगम्यता महाग पडते ती प्रामुख्याने मागाहून जोडल्यामुळे. आणि ती मागाहून जोडली जाते, याचे कारण कृतीचे सारभूत काठिण्य कोणते, हा प्रश्न निर्मात्याने वेळीच स्वतःला विचारलेला नसतो.

येथे समीक्षेचे कर्तव्य स्पष्ट होते. क्रीडाकृतीच्या परीक्षणात कथा, चित्रे व संगीत यांचा परामर्श घेऊन सोयींच्या यादीला शेवटी एक ओळ देणे, ही पद्धत सोडली पाहिजे. त्या सोयींत कर्त्याचे आपल्याच कृतीविषयीचे आकलन नोंदलेले असते. म्हणून त्या संहितेचा भाग समजून वाचल्या पाहिजेत. ‘सेलेस्ट’चा पाठभेद आणि ‘राजी’च्या सूत्रधारांचे मौन यांचे वाचन याच पद्धतीचे आहे. आपल्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा, निवेदनमीमांसा व लयविचार यांचे शिक्षण मिळालेले असते. या साधनांचा उपयोग या नव्या क्षेत्रात करता येईल, आणि त्याचा लाभ मराठी निर्मात्यांनाही होईल.

मात्र असा अभ्यास गृहीत खेळाडूवर थांबता कामा नये. एखादी कृती सुगम आहे की नाही, याचा निर्वाळा कर्ता देऊ शकत नाही, समीक्षकही देऊ शकत नाही. बोटांनी पट वाचणाऱ्याने खेळून पाहिल्यावरच स्पर्शाच्या नियमाचा अर्थ उलगडला. तसेच मराठीतील एखादी स्वतंत्र क्रीडाकृती पाळी संपवून आलेल्या, कान अधू झालेल्या भिवंडीच्या विणकराच्या हाती द्यावी, आणि तो कोठे अडतो ते नोंदवावे. तो काट्यांपाशी अडला तर कृती आपले काम करीत आहे. तो काट्यांपर्यंत पोहोचूच शकला नाही, तर दोष त्याच्या कानांचा आहे असे म्हणून समीक्षेला मोकळे होता येणार नाही.